बांधावरची कोरी जागा

चित्र म्हटल्यावर त्यात काहीतरी असावं, एवढं साधं ठकुबाईचं म्हणणं होतं. गाय असावी, देव असावा, गेला बाजार एखादं झाड तरी असावं. प्रशिक सरांच्या चित्रात नुसता धूर होता. दाराच्या फळीएवढं कापड, त्यावर वरपासून खालपर्यंत करडा रंग, कुठं दाट तर कुठं पातळ. उजव्या अंगाला वरून जरा कललेला एक काळा चौकोन. खाली एक तिरकी पिवळट पट्टी. बास. ‘‘एवढ्या रंगात आपला गोठा आतून-भाईरून रंगवून झाला असता,’’ असं ती पहिल्या दिवशी घरी जाऊन वैष्णवीला म्हणाली, आणि दोघी मायलेकी पोट धरून हसल्या. त्या चित्रावर ती हसली ती तेवढीच.

प्रशिक मूळचा भोरचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पोरगं चित्रकलेला गेलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता, पण पुढं ते पुण्याच्या कॉलेजात शिकवायला लागलं, तसा तो हात त्यांनी खाली घेतला. पावसाळा लागला की प्रशिक सुट्टी टाकून राजगडाखालच्या पालीला यायचा आणि गावाच्या टोकाचं एक भाड्याचं घर उघडून महिनोनमहिने रंगात बरबटून बसायचा. त्या घराची मागची खिडकी ठकुबाईच्या भाताच्या खाचरांवर उघडायची. खाचरांच्या कडेनं एक रुंद बांध, बांधापलीकडं रान, आणि रानावर राजगड. ठकुबाई सकाळी येऊन झाडलोट करी, दोन भाकरी थापी, एखादी भाजी टाकी आणि जाताना सरांच्या कपड्यांवरच्या डागांबद्दल चार शब्द सुनावून जाई. बाई तशी तोंडाची फटकळ. तलाठ्याला सोडलं नाही तिनं, तिथं सरांचं काय?

फक्त एका बाबतीत तिला कुणी तोंडावर काही विचारत नसे. तिच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू असायचं आणि हातात हिरव्या बांगड्या. त्या बांगड्यांबद्दल गावात बोललं जायचं, पण तिच्या पाठीमागं. कारण तिचा नवरा, गोरख, आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वैष्णवी बालवाडीत होती, तेव्हाचा श्रावण. ढग इतके खाली उतरलेले, की अंगणातून गोठा दिसत नव्हता. म्हैस रानात राहिली म्हणून गोरख तिला हुडकायला गडाखालच्या झाडीत गेला. दिवस मावळताना म्हैस एकटीच परत आली आणि आपल्या दाव्यापाशी जाऊन गुमान उभी राहिली. ठकुबाई पोरीला कडेवर घेऊन बांधावर आली. तेवढ्यात वरून, ढगातून, हाळी आली.

‘‘वैशेऽऽ’’

आपल्याकडं गडी बायकोला तिच्या नावानं हाक मारत नाही, पोराच्या नाहीतर पोरीच्या नावानं मारतो. हाळी पोरीच्या नावाची असली तरी ठकुबाईलाच होती, हे तिला कळलं. पण आपल्याकडं आणखीही एक रीत आहे. दिवेलागणीला रानातून एकच हाक आली, तर ओ द्यायची नसते. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. हे ठकुबाईला तिच्या आईनं सांगितलं होतं, आईला आजीनं. कडेवरच्या वैष्णवीला काय ठाऊक? बापाचा आवाज ओळखून तिनं ओ द्यायला तोंड उघडलं, आणि ठकुबाईनं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला.

मग ती दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली. अंधार पडेपर्यंत उभी राहिली. दुसरी हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. दोर घेऊन पोरं कड्याखाली उतरली, झाडीन् झाडी पालथी घातली. चप्पल नाही, टोपी नाही, काठी नाही. पुढं महिन्यानं कुणीतरी बातमी आणली, की किकवीच्या फाट्यावर गोरखसारखा दिसणारा एक माणूस ट्रकात चढताना बघितला. आता गोरखला ट्रकात बसून कुठं जायचं होतं? पण ठकुबाईनं दोन्ही गोष्टी पदरात बांधून ठेवल्या. एके दिवशी तिला तो कड्याखाली पडलेला दिसायचा, तर दुसऱ्या दिवशी कुठल्याशा शहरात वॉचमनच्या टोपीत. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती बांधावर यायची, गडाकडं तोंड करायची आणि हाळी द्यायची, ‘‘आवोऽऽ’’. गावाला त्याची इतकी सवय झाली होती, की ती हाळी ऐकून बाया घरात दिवे लावत.

भाद्रपदातल्या एका सकाळी ती सरांकडं झाडायला आली आणि केरसुणी हातात तशीच राहिली. चित्रातल्या पिवळ्या पट्टीवर कुणीतरी उभं होतं. डाव्या बाजूला एक हिरवी उभी रेघ, खाली जरा रुंद, वर निमुळती. ना डोकं, ना हात, पण बाईमाणूस आहे हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं. आणि तिच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, तेवढीच एक उभी जागा कोरी होती. तिथं रंगच नव्हता. सगळीकडून तो करडा धूर त्या जागेच्या कडेपर्यंत आला होता आणि तिथं थबकला होता. नुसतं कापड दिसत होतं, धुवट पांढरं. त्या जागेची एक बाजू वरून जरा उतरती होती. गोरखचा डावा खांदा असाच उतरता होता, लहानपणापासून दुधाची किटली वाहून.

त्या दिवशी भाकरी करपली. सर म्हणाले, ‘‘मावशी, बरं वाटत नाही का?’’ ती म्हणाली, ‘‘धुरानं डोळं चुरचुरत्यात.’’ गॅसच्या शेगडीला धूर कसला, हे सरांनी विचारलं नाही.

तिथून पुढं ते चित्र तिच्या मानगुटीवर बसलं. झाडताना ती त्याच्याकडं पाठ करायची आणि पाठीला वाटायचं, कुणीतरी बघतंय. मग वळून बघायची, तर कोरी जागा तशीच. ती मनाशी अर्थ लावू लागली. करडं म्हणजे ढग, हे सरळच होतं. काळा चौकोन म्हणजे गडाचा दरवाजा असेल, नाहीतर कड्याची सावली. पिवळी पट्टी म्हणजे बांध, पावसाळ्याच्या शेवटी गवत पिवळं पडतं तसा. आणि कोरं? सर त्यात रंग भरायचे राहिलेत, आज-उद्या भरतील, आणि मग त्याला तोंड येईल, असं तिला वाटायचं. रोज सकाळी दार उघडायची, आणि जागा कोरीच असायची.

एकदा सकाळचं ऊन खिडकीतून तिरकं आलं, तेव्हा तिला बाजूनं बघताना दिसलं, की करड्या रंगाच्या खाली लाल आहे. सगळ्या ढगाखालून लाल. ‘‘सर, ह्याच्या बुडाशी रगात हाय का?’’ तिनं विचारलंच.

‘‘रक्त नाही हो, मावशी. मी आधी सगळं कापड लाल करतो, मग वर करडा देतो. खाली लाल नसेल तर करडा रंग मेल्यासारखा दिसतो. खाली असला की वाटतं, आत काहीतरी जितं आहे.’’

‘‘जितं,’’ ठकुबाई एवढंच म्हणाली. आणि दिवसभर तो शब्द तिनं तोंडात सुपारीसारखा घोळवला.

मग एका सकाळी तिच्या हातून व्हायचं ते झालं. सर अंघोळीला गेले होते. भाजीत हळद टाकता टाकता ती उठली, चित्रापुढं गेली आणि त्या कोऱ्या जागेवर, जिथं माणसाची छाती असती तिथं, बोट टेकवलं. कापड गार लागलं. बोट काढलं, तर हळदीचा पिवळा ठसा. पदरानं पुसायला गेली, तर ठसा आणखी पसरला. सर बाहेर आले, त्यांनी ठसा बघितला, तिच्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाले, ‘‘राहू दे. पुसू नका.’’

ह्याच सुमारास वैष्णवीचं लग्न ठरलं. मुलगा किकवीचा, कंपनीत कामाला, स्वभावानं गरीब. सगळं जुळलं आणि लग्नपत्रिकेपाशी येऊन अडलं. मुलीच्या बापाच्या नावाआधी श्री. लिहायचं की कै.? मुलाच्या आजीनं, अक्काबाईंनी, बैठकीतच स्पष्ट सांगितलं, ‘‘आमचं काय म्हन्नं न्हाई. पर ज्या घरात मानूस धड मेल्यालं बी न्हाई अन् धड जितं बी न्हाई, त्या घरची पोर आणायची म्हंजी जिवाला घोर. आधी त्येचं काय ते करून घ्या.’’

काय ते करून घ्यायचं, म्हणजे पळसाच्या पानांचा माणूस करायचा. ज्याचं प्रेत सापडत नाही त्याच्यासाठी पळसाची पानं जोडून त्याच्या मापाचा माणूस करतात, त्याला त्याचं नाव देतात आणि ओढ्याकाठी नेऊन त्याला अग्नी देतात. मग दहावं, तेरावं, सगळं रीतसर. ठकुबाईचा धाकटा दीर, भिमा, हे गेली कैक वर्षं सांगत होता आणि ती उडवून लावत होती. आता तो ओसरीवर ठाण मांडून बसला.

‘‘वैनी, म्या बी भाऊच हाय त्येचा. मला काय हौस हाय व्हय? पर पोरीचं बघा. तुमी हां म्हना, म्या भोरला जाऊन भटजीला सांगून येतो.’’

‘‘अन् त्यो आला म्हंजी?’’ ठकुबाई म्हणाली. ‘‘जित्या मानसाला म्या जाळलं आसं व्हईल, भाऊजी. एकदा त्येला ओ दिली न्हाई म्या. आता हातानं आग द्यू?’’

भिमा उठून गोठ्याकडं गेला आणि उगाच म्हशीला चारा टाकत बसला. वैष्णवी आतून सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही, आणि आईला तेच जास्त लागलं. पानांचा माणूस करू द्यायचा की नाही, हा एकच प्रश्न आता ठकुबाईच्या जेवणात, झोपेत, झाडलोटीत शिरला. आणि माणसाचं मन काय असतं बघा, त्या प्रश्नाचं उत्तर ती देवळात नाही, सरांच्या भिंतीला टेकवलेल्या त्या चित्रात हुडकू लागली. सरांनी तिथं रंग भरला, तर तो आहे. नाही भरला, तर नाही. तिनं आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि सरांना बिचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दिवाळीनंतर पुण्याहून सरांची मित्रमंडळी चित्र बघायला आली. चित्र बघायला आलेली माणसं मान तिरकी का करतात कुणास ठाऊक, सरळ मानेनं दिसत नसावं. ठकुबाई त्यांना चहा देत होती आणि कान टवकारून होती. एक दाढीवाला म्हणाला, काळा चौकोन म्हणजे सत्ता. दुसरा म्हणाला, सत्ता कसली, ती कबर आहे. हळदीच्या ठशावरही पुष्कळ वेळ गेला, एकानं त्याला पहाट केलं आणि एकानं जखम. सर हसत होते, हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. त्यांच्यात पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. त्या काहीच बोलत नव्हत्या. बाकीचे बाहेर गड बघायला गेले, तरी त्या चित्रापुढं उभ्या होत्या. ठकुबाई रिकामा कप घ्यायला गेली, तेव्हा त्या तिच्याकडं न बघता म्हणाल्या, ‘‘सगळ्याला रंग दिला, ह्यालाच नाही. म्हणजे हा माणूस नाहीच. फक्त हिला ते अजून कळलेलं नाही.’’

कप ठकुबाईच्या हातातून सुटला नाही. तो तिनं व्यवस्थित धुतला, पालथा घातला, आणि मोरीत उभी राहून तोंडात पदर कोंबून रडली.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर ती सरांपुढं येऊन उभी राहिली. सर ब्रश धूत होते.

‘‘सर, एक इचारते. खरं सांगा. ती हिरवी कोन हाय?’’

प्रशिकनं ब्रश खाली ठेवला. ‘‘तुम्ही, मावशी. संध्याकाळी बांधावर येता, ते मी खिडकीतून बघतो. तुम्हाला न विचारता काढलं. राग येईल म्हणून बोललो नाही.’’

‘‘राग न्हाई. अन् शेजारचा?’’ तिनं कोऱ्या जागेकडं बोट केलं. ‘‘त्यो कुठं दिसला तुमास्नी? त्येचा खांदा कसा काय काढलासा?’’

‘‘खांदा?’’ सर चित्राकडं वळले, त्या उतरत्या कडेकडं त्यांनी जणू पहिल्यांदाच बघितलं. ‘‘तो खांदा नाही हो. ब्रश तिथं तसा वळला. मावशी, मी शेजारी कुणाला काढलं नाही. मला कुणी दिसलं नाही.’’

‘‘मंग ती जागा?’’

सरांनी खिडकीतून बांधाकडं बघितलं. ‘‘तो बांध बैलगाडी जाईल एवढा रुंद आहे. पण तुम्ही कधी मधोमध उभ्या राहत नाही. येता, उभ्या राहता, आणि हाळी द्यायच्या आधी डावीकडं सरकता, अगदी कडेला. पाय घसरेल असं वाटावं इतकं. कुणाला तरी शेजारी उभं राहायला जागा केल्यासारखं. रोज. मला वाटलं, तुम्हाला ते माहीत असेल.’’

ठकुबाईला ते माहीत नव्हतं.

‘‘मी ती जागाच काढली,’’ सर म्हणाले. ‘‘तुम्ही सोडलेली. त्यात मी काय भरणार? ती माझी नाही.’’

त्या संध्याकाळी ती बांधावर गेली. आपले पाय आपल्याच नजरेनं बघत गेली. आणि खरंच, गडाकडं तोंड करताच पाय डावीकडं निघाले, शिकवलेल्या जनावरासारखे. तिनं ते थांबवले. मग एक पाऊल उजवीकडं टाकलं, बांधाच्या बरोबर मध्यावर, जिथं इतकी वर्षं तिनं पाय ठेवला नव्हता. तिला भीती होती, की तिथं कुणाचा तरी धक्का लागेल. खरं सांगायचं तर भीती नव्हे, आस होती. पायाखाली ओलं गवत लागलं, आणि एक खडा. दुसरं काही नव्हतं. त्या दिवशी तिनं हाळी दिली नाही. गावातल्या बायांना दिवे लावायला उशीर झाला.

घरी येऊन ती भिमाला म्हणाली, ‘‘पळसाची पानं आना.’’

ओढ्याकाठी पानांचा माणूस बांधला तेव्हा भटजींनी उंची विचारली, आणि भावकीत कुणाला गोरखची उंची नीट आठवेना. ठकुबाई पुढं आली. तिनं आपल्या कपाळाच्या वर हात धरला आणि म्हणाली, हितवर. मग खाली बसून पानांचा डावा खांदा तिनं स्वतःच्या हातानं दाबून जरा उतरता केला. भटजी थांबले. भिमानं तोंड फिरवलं. आग लावल्यावर ओली पानं तडतडली, पुष्कळ धूर झाला, आणि तो धूर अगदी तसाच करडा होता. बांगड्या तिनं स्वतः काढल्या, कुणाला फोडू दिल्या नाहीत.

माघात वैष्णवीचं लग्न झालं. हळदीच्या वेळी भावकीतल्या बायांनी ठकुबाईला हलक्या हातानं मागं सारलं, विधवा बाईनं हळदीला हात लावायचा नसतो म्हणून. ती मुकाट मागं सरली. वैष्णवी पाटावरून उठली, आईचं बोट धरून तिनं हळदीच्या वाटीत बुडवलं आणि आपल्या गालाला लावून घेतलं. अक्काबाई बघत होत्या. सासरी जाताना पोर आईच्या गळ्यात पडून कानात म्हणाली, ‘‘आई, मला त्यो आवाज आठवतो. अजून आठवतो.’’ आणि गाडीत जाऊन बसली. इतकी वर्षं हा विषय तिनं कधी काढला नव्हता.

उन्हाळ्यात चित्र टेम्पोत घालून मुंबईला गेलं. हळदीच्या ठशासकट गेलं. जायच्या आधी सरांनी विचारलं होतं, ‘‘मावशी, ती जागा भरू का? तुम्ही म्हणाल तो रंग देतो.’’ ठकुबाईनं मानेनंच नको म्हटलं. ते कुणी विकत घेतलं, हे सरांनी फोनवर सांगितलं, पण ते नाव तिच्या लक्षात राहिलं नाही. त्या पावसाळ्यात सर आले नाहीत, कॉलेजच्या कामात अडकले होते. मागची खिडकी बंदच राहिली.

श्रावण आला, ढग उतरले. हाळी देणं ठकुबाईनं सोडलं होतं, पण पायांना वळण पडलेलं, ते दिवेलागणीला तिला बांधावर घेऊन यायचे. ती येऊन बरोबर मध्यावर उभी राहायची. विधी झाला होता, दहावं-तेरावं झालं होतं, पिंडाला कावळाही शिवला होता. सगळं कसं रीतसर. त्या संध्याकाळीही ती तशीच मध्यावर उभी होती. समोर गड नव्हता, रान नव्हतं, नुसता करडा रंग होता. सर म्हणाले होते, खाली लाल असलं की आत काहीतरी जितं वाटतं. ती बघत राहिली.

आणि वरून, ढगातून, हाळी आली.

शब्द कळला नाही. कुणी वाट चुकलेलं पोरगं असेल, गडावर फिरायला आलेलं. कुणी गुराखी असेल. काहीही असेल. हाक एकदाच आली. आईनं सांगितलेलं, आजीनं सांगितलेलं सगळं तिला आठवलं, आणि कडेवरच्या पोरीचं ते इवलंसं ओलं तोंड तळहाताला पुन्हा लागलं. तिनं दुसऱ्या हाकेची वाट बघितली नाही.

‘‘ओऽऽ,’’ तिनं ओ दिली. सगळा जीव एकवटून दिली. गावात ती ऐकू गेली असणार, कारण मागं एकदोन घरांत दिवे लागले.

मग ती डावीकडं सरकली, बांधाच्या अगदी कडेला, आणि शेजारी जागा करून उभी राहिली.